दौलताबादची फकडी

नमस्कार, श्रोतेहो. आज फकडीची, म्हणजे दौलताबादच्या जुन्या, बियांच्या द्राक्षाची गोष्ट.

महंमद तुघलकानं १३२७ साली दिल्लीची राजधानी दौलताबादेत आणली, हे आपण शाळेत शिकलो. त्यानंतर काही वर्षांनी इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी तिथं आला. किल्ल्याबद्दल, बाजाराबद्दल त्यानं लिहिलंच. शिवाय हेही नोंदवलं की इथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात.

हे दोनदा कसं, ते सांगतो. थंड मुलखात हिवाळ्यात वेलीची पानं झडतात, वेल झोपते आणि वर्षाला एकच पीक देते. आपल्याकडं तिला झोपच नाही. छाटलं की ती फुटते. पण पावसातला बहार आंबट निघायचा, त्यावर रोगही फार. म्हणून आता बागाईतदार छाटणी दोनदा करतो आणि पीक एकदाच घेतो. एप्रिलात खरड छाटणी. सगळ्या काड्या ओलांड्यापर्यंत, म्हणजे वेलीच्या कायमच्या आडव्या फांदीपर्यंत, काढल्या की बाग अगदी बोडकी दिसते. मग भर उन्हात नवी फूट येते आणि त्या कोवळ्या काडीच्या डोळ्यात पुढचा घड धरतो. नुसत्या नजरेला तो दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. ऑक्टोबरात फळछाटणी झाली की तोच घड बाहेर येतो. पुढं थंडी, कोरडी हवा, आणि फेब्रुवारी-मार्चात गोडी.

ही गोडी बघायची तर जालना तालुक्यातल्या कडवंचीला जा. तिथं १९९६ पासून पाणलोटाचं काम झालं, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या आणि विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली. आधी माथ्यापासून बांधबंदिस्ती, मग शेततळी, मग द्राक्ष. हा क्रम फार मोलाचा आहे. २०१२ च्या दुष्काळात जालना जिल्हा टँकरवर होता, तेव्हाही या गावानं शेततळ्यांतल्या पाण्यावर बागा जगवल्या. सकाळी उंचावर उभं राहिलं की तळ्यांचं पाणी चमकत असतं आणि मधे हिरवे मांडव. आपल्या भागात मला याहून देखणं शिवार माहीत नाही.

फेब्रुवारीत मी अशाच एका मांडवाखाली उभा होतो. मालकानं घडाच्या खालच्या शेंड्याचा एक मणी तोडला, चिमटीत दाबून त्याचा थेंब ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजायच्या नळीच्या काचेवर टाकला आणि नळी सूर्याकडं धरली. “आणखी चार दिवस,” एवढंच म्हणाला. शेंड्याचाच मणी का? घडात गोडी वरून खाली उतरते. शेंडा गोड, तर सगळा घड गोड.

आज बागांमध्ये थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, काळी शरद अशा बिनबियांच्या जाती आहेत. सोनाका आणि शरद तर सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या. वाईनच्या जातींचा न्याय उलटा. कॅबरने सोव्हिनियॉ, शिराज यांचा मणी बारका, साल जाड, आत बिया. खायला हाती दिली तर तुम्ही परत कराल. पण रंग गरात नसतो, सालीत असतो. मणी जितका बारका तितकी रसाच्या मानानं साल जास्त, म्हणून तांबड्या वाईनचा रस सालीसकटच आंबवतात. खाण्याच्या द्राक्षाला जीए, म्हणजे जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक, देऊन मणी फुगवतात, इथं फुगलेला मणी नकोच असतो.

आणि फकडी? तशीच जुनी, बियांची भोकरी? माझी आजी दौलताबादच्या द्राक्षाला फकडीच म्हणायची, दुसरा शब्द तिला ठाऊकच नव्हता. बियांची द्राक्षं बाजारात मागं पडली, तशा या जुन्या जाती बागांमधून गेल्या. मला त्याचं फार वाईट वाटतं. शेकडो वर्षं इथल्या उन्हाला सरावलेली वेल एकदा उपटली की ती कुठल्या रोपवाटिकेत मागायची?

म्हणून एक विनंती. दौलताबाद, खुलताबादकडं कुणाच्या वाड्यात, विहिरीच्या कडेला बियांच्या द्राक्षाची जुनी वेल असेल, तर ती तोडू नका. ऑक्टोबरात छाटाल तेव्हा पेन्सिलीएवढ्या जाडीची, पक्व, तपकिरी काडी निवडा. चार डोळ्यांचा तुकडा करा, ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि पिशवीत लावताना दोन डोळे मातीत, दोन वर ठेवा. काडी उलटी लागणार नाही, एवढं बघा.

नमस्कार.