बारा गोंड्यांचा रेणू

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या स्वयंपाकघरात शेगडीचा गॅस आहे आणि कुठल्यातरी खणात मेणबत्तीही आहे. दोन्हींत मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन एवढेच अणू, म्हणजे दोन्ही हायड्रोकार्बन. गॅसच्या रेणूत कार्बन तीन-चार, मेणाच्या रेणूत वीस-तीस. मग एक बटण फिरवताच पळतो आणि दुसरं भर उन्हाळ्यातही खणात घट्ट राहतं, ते का?

रेणूंना एकमेकांची ओढ असते म्हणून. फार क्षीण ओढ. रेणूभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा ढग क्षणभर एका बाजूला झुकतो, त्यासरशी शेजारच्या रेणूचाही ढग झुकतो, आणि तेवढ्यापुरती दोघांत ओढ निर्माण होते. भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ लंडन यांनी 1930 साली याचा उलगडा केला. एका ठिकाणी ही ओढ नगण्य, पण लांब रेणू शेजाऱ्याला अंगभर टेकतो आणि तिची बेरीज होत जाते. हे कानात ठेवा, पुढे लागणार आहे : स्पर्श जास्त, तर ओढ जास्त.

माझी आजी गोधडी शिवायची. धावदोऱ्याचा एक टाका नखानं तुटतो, पण अख्खी गोधडी उसवायला बसा, दुपार जाते. हल्ली यंत्रावर शिवलेल्या गोधड्या मिळतात. मला त्या पटत नाहीत. हातच्या टाक्यांमध्ये कापड थोडं सैल राहतं, फुगतं, त्यातच ऊब असते. असो.

आता आकाराचं बघा. पाच कार्बन आणि बारा हायड्रोजन घेऊन सरळ साखळी केली, तर तो पेंटेन, 36 अंशाला उकळतो. तेच अणू घेऊन गोळा केला, मधे एक कार्बन आणि भोवती चार, तर तो निओपेंटेन साडेनऊ अंशालाच उकळतो. वजन तेच, अणू तेच. गोळ्याला गोळा टेकतो तो थोडासाच. स्पर्श कमी, तर ओढ कमी.

हे झालं दोन रेणूंमधलं. पण ही ओढ एकाच रेणूच्या दोन भागांतही असते, आणि तिथे ती त्या रेणूचा आकारच ठरवते. त्याची एक गोष्ट मला सांगायचीच आहे.

मोझेस गोम्बर्ग हा मुलगा 1866 साली रशियन साम्राज्यात, आजच्या युक्रेनमध्ये जन्मला. वडिलांवर झारविरोधी कटाचा आरोप आला आणि कुटुंब शिकागोला पळालं. तिथल्या कत्तलखान्यांच्या परिसरात या मुलानं पडेल ते काम केलं, शिकला आणि मिशिगन विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ झाला. पुढे जर्मनीत राहून त्यानं एका कार्बनला बेन्झीनची, म्हणजे सहा-सहा कार्बनांची, चार कडी जोडून दाखवली. त्याच्या गुरूंना स्वतःला ते जमलं नव्हतं. मग त्यानं त्याहून अवघड रेणू मनात धरला. एथेनमध्ये दोन कार्बन आणि सहा हायड्रोजन असतात. त्या सहाही हायड्रोजनांच्या जागी बेन्झीनची कडी बसवायची. नाव हेक्साफेनिलएथेन.

युक्ती साधी होती. तीन कडी लावलेल्या कार्बनवर एक क्लोरीन असतो, तो चांदीनं काढून घ्यायचा, म्हणजे असे दोन तुकडे आपसांत जुळतील. पांढरी पूड मिळाली. पृथक्करण केलं, म्हणजे पूड जाळून तिच्यात कार्बन किती ते मोजलं. कार्बन सुमारे 94 टक्के यायला हवा होता, आला सुमारे 88. गोम्बर्गला वाटलं, नमुना नीट जळला नसेल. पुन्हा केलं. पुन्हा 88. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

इथे मी जरा थांबतो. आपल्याकडे कॉलेजच्या प्रयोगवहीत उत्तर आधी लिहितात आणि आकडे मागाहून त्याला जुळवतात. मी स्वतः तसं करणारी मुलं पाहिली आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तो 88 कुणी 94 करून टाकला असता, तर ही गोष्टच उरली नसती.

गोम्बर्गनं 88 खरा मानला. मग उरलेले टक्के कुठे गेले? ते ऑक्सिजनचे होते, हवेतून आलेल्या. त्यानं सगळा प्रयोग हवा बंद करून, कार्बन डायऑक्साइडमध्ये केला. आता पिवळा द्राव मिळाला. त्यात हवा सोडली की रंग जायचा आणि तीच पांढरी पूड खाली बसायची. त्याच्या लक्षात आलं, की द्रावात तीनच बंध असलेला, चौथा हात मोकळा असलेला कार्बन आहे. असा कार्बन असू शकतो हे तेव्हा रसायनशास्त्राला मान्य नव्हतं. 1900 साली त्यानं निबंध छापला आणि शेवटी लिहिलं, की हे क्षेत्र मी माझ्यासाठी राखून ठेवू इच्छितो.

मोकळ्या हाताचे असे दोन तुकडे जोडी करतात, पण भलत्याच ठिकाणी : एकाचा मधला कार्बन दुसऱ्याच्या कड्याच्या टोकाला चिकटतो. हे कळायला 1968 साल उजाडलं. भलत्या ठिकाणी जुळण्याचं कारण काय, तर जागेची अडचण. सहा कडी एका जागी मावत नाहीत, एकमेकांना ढकलतात.

मग 1978 साली जर्मनीत काहींनी प्रत्येक कड्यावर दोन, असे बारा गोंडे लावले. चार-चार कार्बनांचे जाडजूड गोंडे. अडचण आणखी वाढली म्हणा ना! आणि हा रेणू मात्र जुळला, सरळ मधल्या कार्बनांनीच जुळला, आणि त्याचे स्फटिकही झाले. 1986 साली क्ष-किरणांनी मोजलं तेव्हा मधला बंध 1.67 अँगस्ट्रॉम निघाला. अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. नेहमीचा असतो 1.54. म्हणजे बंध ताणलेला, दमलेला, तरी रेणू शाबूत.

तो शाबूत कसा, याचं उत्तर 2011 साली स्टेफान ग्रिमे आणि पेटर श्रायनर या रसायनशास्त्रज्ञांनी गणितानं दिलं. एका अर्ध्या भागाचे गोंडे दुसऱ्या अर्ध्याच्या गोंड्यांना चहूबाजूंनी टेकतात. प्रत्येक टेकण्यात तीच क्षीण ओढ, लंडननं सांगितलेली. बारा गोंड्यांची मिळून ती एवढी होते, की दमलेल्या बंधाला आधार मिळतो. गोंडे फक्त ढकलतात असं मानलं जात होतं, ते ओढतही होते. स्पर्श जास्त, तर ओढ जास्त.

आणि गोम्बर्गला हवा होता तो रेणू, गोंडे नसलेला, नुसत्या सहा कड्यांचा? तो अजून कुणाच्याच हाती लागलेला नाही.

नमस्कार.