रात्रीचा ब्रश मोठ्यांच्या हातात

श्रोतेहो, नमस्कार.

पारोशा तोंडानं चहा नाही, दूध नाही, हा नियम आपल्या बहुतेक घरांत कुणाला वेगळा शिकवावा लागत नाही. सकाळी रिक्षावाले काका खाली हॉर्न वाजवत असले, तरी मूल दात घासूनच बाहेर पडतं. रात्री मात्र हीच घरं ढिली पडतात. जेवण होतं, मग थोडं कार्टून, मग कपभर दूध, आणि मूल सोफ्यावरच झोपून जातं. "झोपलंय ते, आता उठवू नकोस," असं आजी म्हणते आणि सगळ्यांना ते पटतं. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः या रात्रीच्या ब्रशबद्दल.

तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. पीएच, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा (जितका कमी, तितकं आम्ल जास्त), साधारण साडेपाचच्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, विरघळायला लागतं. दिवसा तोंडात लाळ खेळती असते. ती अर्ध्या-पाऊण तासात हे आम्ल निवळवते आणि गेलेली खनिजं थोडीफार परत आणून देते. झोपेत लाळ फारच कमी होते. मग झोपता झोपता प्यायलेलं दूध, त्यातली साखर, चॉकलेटची पावडर हे सगळं दातांवर तसंच बसून राहतं. बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या बाळांचे वरचे पुढचे चार दात सर्वांत आधी किडतात ते यामुळेच. खालचे पुढचे दात जिभेखाली झाकले जातात आणि तिथं लाळही जास्त असते, म्हणून ते बरेचदा वाचतात.

"दुधाचेच दात, पडणारच आहेत," हे वाक्य कृपा करून सोडून द्या. पुढचे दात सहा-सात वर्षांच्या सुमारास पडतात, हे खरं. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत चावायला लागतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा धरून ठेवतात. ती दाढ वेळेआधी काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते, जागा जाते, आणि पुढे वेडेवाकडे दात सरळ करायला तारा लावायची वेळ येते. शिवाय या दातांचं इनॅमल कायमच्या दातांच्या मानानं निम्म्याच्या आसपास पातळ असतं. त्यामुळे दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचायला किडीला फार वेळ लागत नाही.

आता पेस्ट. आपल्याकडे नळाच्या पाण्यात कीड रोखणारं फ्लोराइड मिसळत नाहीत, त्यामुळे मुलाच्या दातांना फ्लोराइड मिळण्याचं मुख्य साधन टूथपेस्ट. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात पीपीएमचा आकडा असतो, म्हणजे दहा लाख भागांत फ्लोराइडचे किती भाग, तो वाचा. आपल्याकडे 1000 पीपीएम ही टूथपेस्टची वरची मर्यादा आहे, आणि कीड रोखायला साधारण तेवढंच फ्लोराइड लागतं. लहान मुलांच्या रंगीत, स्ट्रॉबेरीच्या चवीच्या काही पेस्टमध्ये ते याच्या निम्मं असतं, काहींमध्ये अजिबात नसतं. पहिला दात दिसल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, तीन ते सहा वर्षांत मटारच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लाट दाखवतात, ती मुलांसाठी नव्हे. पेस्ट ब्रशवर नुसती ठेवू नका, बोटानं केसांच्या आत दाबा. वर ठेवलेला गोळा पहिल्याच दाताला चिकटतो आणि मूल तो चाटून टाकतं. तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट गिळली गेली तरी घाबरायचं कारण नाही. ट्यूब मात्र मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. दात घडण्याच्या वयात फार फ्लोराइड पोटात गेलं तर कायमच्या दातांवर पांढरे ठिपके उमटतात.

पुणे शहराच्या कडेच्या भागांत, वाघोली, उंड्री किंवा बाणेरच्या पलीकडे, पुष्कळ सोसायट्या बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर चालतात. तिथं पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड एकदा तपासून घ्यावं. भारतीय मानकानुसार ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर दीड.

मंजनाबद्दलही सांगते. खरखरीत मंजन बोटानं घासलं की इनॅमल झिजतं, आणि बोट दाढांच्या मागेपर्यंत पोचतच नाही. मिश्री तर तंबाखूच आहे. घरात कुणी ती लावत असेल, तर मुलाच्या हिरडीला गंमत म्हणूनसुद्धा लावू नये.

दात घासायचे कुणी? साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी. बुटाची नाडी स्वतः नीट बांधता येईपर्यंत मुलाचं मनगट ब्रश हवा तसा वळवू शकत नाही. म्हणून दोन ब्रश ठेवा. एक जाड दांड्याचा, त्याच्या हौसेचा. दुसरा मऊ केसांचा, लहान डोक्याचा, तुमच्या हातातला. आधी तू, मग आई, किंवा आधी तू, मग आजोबा, हा क्रम रोज तोच ठेवा. पुण्यात कितीतरी घरांत आईबाबा हिंजवडीहून उशिरा परततात आणि झोपवायचं काम आजी-आजोबांकडे असतं. तेव्हा हे सगळं त्यांनाही करून दाखवा, नाहीतर सोमवार ते शुक्रवार ब्रश होतच नाही.

बेसिनपाशी उभं राहून समोरून दात घासायला गेलं की मूल मान मागे ओढतं आणि तुम्हाला फक्त पुढचे सहा दात दिसतात. त्यापेक्षा पलंगावर बसा, मुलाचं डोकं तुमच्या मांडीवर येईल असं त्याला उताणं झोपवा. तोंडात वरून उजेड पडतो, मान स्थिर राहते. अगदी लहान बाळ असेल तर दोघांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघे लावून बसावं. एकानं बाळाचे हातपाय धरावेत, दुसऱ्याच्या मांडीवर डोकं. आधी खालच्या दाढांची जिभेकडची बाजू घ्या. जीभ तिथं ब्रश ढकलत राहते, आणि मुलाचा धीर संपायच्या आत अवघड जागा उरकलेली बरी. मग चावायची बाजू, मग गालाकडची. ब्रशचे केस हिरडी आणि दात जिथं मिळतात तिथं टेकवून लहान लहान गोल फिरवा. जोर लावायचा नाही. सगळी मिळून दोन मिनिटं.

दीड-दोन वर्षांचं मूल वरचे पुढचे दात घासताना किंचाळत असेल, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी त्याचा वरचा ओठ उचलून पाहा. ओठाला आणि हिरडीला जोडणारा मधोमध एक पातळ पडदा दिसेल. ब्रशचं टोक त्यावर आपटलं की चांगलंच दुखतं. तुमच्या डाव्या हाताच्या तर्जनीनं ओठ वर धरून तो पडदा बोटाखाली झाका आणि मग बाजूनं घासा. निम्मी रडारड इथंच थांबते.

दुसरी अडचण वरच्या शेवटच्या दाढेची. आपण म्हणतो, "आऽऽ कर, मोठा आऽऽ कर." तोंड पूर्ण उघडलं की खालच्या जबड्याच्या हाडाचं टोक पुढे येतं आणि गालाच्या आतली जागा बंद होते, ब्रश शिरतच नाही. तेव्हा तोंड अर्धं मिटायला सांगा, गाल सैल पडतो आणि ब्रश शेवटपर्यंत जातो.

घासून झालं की थुंकायचं, पण चुळा भरायच्या नाहीत. आपल्याला खळखळून चूळ भरल्याशिवाय तोंड स्वच्छ वाटत नाही, म्हणून ही सवय बदलणं जड जातं. पण त्या पाण्याबरोबर दातावर राहिलेलं फ्लोराइडही निघून जातं. त्यानंतर काही प्यायचं तर फक्त पाणी. ताप-खोकल्याचं गोड सिरपसुद्धा ब्रशच्या आधी द्या. दूध जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच, मग ब्रश, मग गोष्ट, मग झोप. आणि ब्रश तोंडात धरून मुलाला घरभर पळू देऊ नका. पडलं तर दांडा टाळूत घुसतो.

आता फ्लॉस, म्हणजे दातांच्या मधली जागा साफ करायचा बारीक दोरा. मुलांना फ्लॉस कशाला, असं विचारलं जातं. पुढच्या दुधाच्या दातांत फटी असतात आणि त्या असाव्यातही, मोठे दात यायचे असतात. पण दोन दुधाच्या दाढा एकमेकींना सपाट बाजूनं चिकटून असतात. बिस्किटाचा लगदा, चिक्कीचा चुरा तिथं अडकतो आणि ब्रशचा एकही केस तिथं जात नाही. तिथली कीड वरून दिसत नाही. एक दिवस जेवताना दाढेचा कपचा निघतो, तोवर ती नसेजवळ गेलेली असते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असं दिसलं, की शाळेच्या दिवसांत प्रशिक्षित माणसानं मुलांचे दात फ्लॉस केले तेव्हा दातांमधली कीड कमी झाली, आणि मुलांनी स्वतः केलं तेव्हा फरक पडला नाही. म्हणजे हेही काम तुमचंच, साधारण दहा वर्षांपर्यंत.

जागा फक्त चार. वर उजवीकडे, वर डावीकडे, खाली उजवीकडे, खाली डावीकडे, दोन दाढांच्या मध्ये. दांडीला दोरा ताणून बसवलेला फ्लॉस मिळतो, मुलांसाठी तो सोपा. दोरा दाढांवर टेकवून हळूहळू मागेपुढे करत आत उतरवा. खटकन दाबला तर हिरडी कापते आणि पुढचे आठ दिवस मूल तोंड उघडत नाही. आत गेल्यावर आधी पुढच्या दाढेला घासून दोन-तीन वेळा वरखाली, मग मागच्या दाढेला घासून तसंच. सुटा दोरा वापरत असाल तर हातभर, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर घ्या, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा आणि दर जागेला नवा तुकडा पुढे घ्या. सुरुवातीला थोडं रक्त आलं तर फ्लॉस बंद करू नका. ते सुजलेल्या हिरडीचं असतं आणि रोज केलं की आठ-दहा दिवसांत थांबतं. एकाच जागी दोरा दर वेळी फाटत असेल किंवा घास दर वेळी तिथंच अडकत असेल, तर दाखवून घ्या, तिथं कीड असण्याची शक्यता आहे. सेफ्टी पिन आणि टाचणी दातांपासून लांब.

मुलाला "ब्रश नाही केलास तर डॉक्टरकाका सुई टोचतील" असं कधीही सांगू नका. तेच मूल पुढे खुर्चीवर बसायला तयार होत नाही, आणि पाच मिनिटांच्या कामाला भूल द्यायची वेळ येते. पहिला वाढदिवस होईतो दातांच्या डॉक्टरांकडे एकदा नुसतं दाखवायला जा. घरी महिन्यातून एकदा ओठ उचलून उजेडात बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर तेवढ्यात गेलात की फ्लोराइडचा लेप लावून कीड थांबवता येते. रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला की सिमेंट भरावं लागतं.

सहाव्या वर्षी मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे कायमची पहिली दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. ती अर्धवट वर आलेली असताना शेजारणीपेक्षा बुटकी असते, सरळ धरलेला ब्रश तिच्यावरून तसाच निघून जातो. ब्रश गालाच्या बाजूनं आडवा आत घाला आणि तिच्या माथ्यावर फिरवा. तिच्या माथ्यावरच्या खाचा खोल असल्या तर त्या बुजवणारं सीलंट लावतात. त्याला सुई नाही, ड्रिल नाही. खाच साफ करून, कोरडी करून पातळ द्रव भरतात आणि निळ्या प्रकाशानं घट्ट करतात. धनकवडीचं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय, कॅम्पातल्या आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला दंत महाविद्यालय, अशा ठिकाणी लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो. जाताना सकाळची वेळ घ्या, मुलाची झोप झालेली असू द्या, आणि डॉक्टरांना विचारा, "हिची सहाव्या वर्षाची दाढ आली आहे का, आणि सीलंट लागेल का?"

नमस्कार.