चीनमधली बौद्ध लेणी बघायची? मग आधी दगड बघा!

नमस्कार मंडळी! चीनला जायचं म्हटलं की यादीत आधी ती भिंत येते, मग शीआनचे मातीचे सैनिक. लेण्यांचा विषय काढला की लोक म्हणतात, "अजिंठा-वेरूळ झालंय की आपलं, तिकडे वेगळं काय असणार?"

दगड वेगळा आहे हो! आणि दगड बदलला की पुढचं सगळंच बदलतं.

आपला सह्याद्रीचा कातळ म्हणजे बसाल्ट. कठीण, एकसंध, कोराल तसा कोरला जाणारा. चीनमध्ये दातोंगजवळचं युनगांग आहे वालुकाश्मातलं. उत्तर वेई राजघराण्याच्या काळात, इ.स. 460 च्या सुमारास तिथे काम सुरू झालं. वीस नंबरच्या लेण्याची पुढची भिंत कधीच ढासळलीय, त्यामुळे जवळजवळ 14 मीटर उंचीचा बुद्ध थेट उघड्यावर बसलाय. लोयांगचं लाँगमेन चुनखडीतलं, म्हणून तिथे कोरीव काम बारीक आणि शिलालेख ढीगभर. तिथल्या 17 मीटरच्या बुद्धासाठी राणी वू हिने 672 मध्ये आपल्या शृंगाराच्या खर्चातून पैसे दिले, हेसुद्धा शिलालेखातच लिहिलंय.

पण मला बोलायचंय ते मोगाओबद्दल. गान्सू प्रांत, दुनहुआंग शहर, गोबी वाळवंटाची कड. 366 साली एका भिक्खूला इथे सोनेरी प्रकाशात हजार बुद्ध दिसले आणि त्याने पहिलं लेणं खोदलं, अशी कथा आहे. पुढे जवळपास हजार वर्षं खोदकाम चालू राहिलं. चित्रं आणि मूर्ती असलेली 492 लेणी आज तिथे आहेत.

(पडद्यावर: कड्याचा जवळून फोटो)

हा कडा नीट बघा. चिक्कीत दाणे बसवावेत तसे यात नदीचे गोटे बसलेत. छिन्नी मारली की गोटाच निसटतो. इथे मूर्तीचं नाक कोरणार कसं? म्हणून कारागिरांनी कोरायचा नाद सोडला. लाकडाचा सांगाडा, त्याला बांधलेलं गवत, त्यावर मातीचे थर आणि शेवटी रंग. 96 नंबरचा 35 मीटर उंच बुद्धसुद्धा आतून कड्याचा दगड आणि वरून माती. भिंतींनाही मातीचा गिलावा करून कोरड्यावर चित्रं काढली. ही पद्धत आपल्या अजिंठ्याच्या फार जवळची.

254 नंबरच्या लेण्यात शिबी राजाची कथा आहे. कबुतराला वाचवायला स्वतःचं मांस कापून देणारा राजा. हाच शिबी अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यातही आहे! मोगाओत मात्र चेहऱ्यांभोवती जाड काळे पट्टे दिसतात. ती मुळात गोलाई दाखवणारी मऊ छटा होती, अंगाच्या रंगाची. त्या रंगात शेंदूर होता, आणि शेंदूर काळाच्या ओघात काळा पडतो. मला विचाराल तर त्या काळेपणाने चित्रं उलट जास्त दमदार झालीत. रंगवणारा मात्र हे बघून हादरला असता.

आणि युआन श्वांग? हा गडी 641 च्या आसपास पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात आला होता. दाराशी दगडी हत्ती असलेल्या डोंगरातल्या एका विहाराचं वर्णन त्याने केलंय, आणि ते अजिंठ्याचंच असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. चीनला परत जाताना तो दुनहुआंगवरूनच गेला.

आता जायचं कसं ते. दुनहुआंगला विमानतळही आहे आणि रेल्वे स्टेशनही. तिकीट ऑनलाइन, आधीच, पासपोर्ट नंबर देऊन काढा. उन्हाळ्याच्या सुट्टीत ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका. नेहमीच्या तिकिटात आधी दोन फिल्म दाखवतात, मग बसने कड्यापाशी नेतात आणि गाइडबरोबर आठ लेणी. कुठली आठ, ते गाइड ठरवणार. आत अंधार, उजेड फक्त टॉर्चचा, आणि फोटोला सक्त मनाई. पाऊस पडला, हवेत दमटपणा वाढला की लेणी बंदही ठेवतात, कारण ओलीने भिंतीतलं मीठ वर येतं आणि रंगाचे पोपडे निघतात. तेव्हा हातात एखादा दिवस जास्तीचा ठेवा.

254 नंबर नेहमीच्या फेरीत सहसा नसतं. त्यासाठी 'डिजिटल दुनहुआंग' या संकेतस्थळावर जा. तिथे बऱ्याच लेण्यांच्या भिंती फुकटात, हव्या तितक्या मोठ्या करून बघता येतात. लिंक खाली दिलीय.