नाव झेंगोरोचं, कारभार ओकामीचा

(दृश्य: बाग, पाऊस)

या बागेची आखणी कोबोरी एन्शूची, असं घरची मंडळी सांगतात. एन्शू म्हणजे सतराव्या शतकातला जपानचा नामांकित उद्यानकार आणि चहागुरू. बाग चारशे वर्षांची धरली, तरी हे घर तिच्याहून नऊशे वर्षांनी थोरलं.

जपानच्या इशिकावा प्रांतातलं कोमात्सु. तिथल्या आवाझु या गरम झऱ्यांच्या गावात 718 साली ‘होशी’ हे पाहुण्यांच्या मुक्कामाचं घर, म्हणजे जपानी पद्धतीचं हॉटेल, सुरू झालं. आपल्याकडे तेव्हा बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं.

(दृश्य: कुंडातली वाफ)

कथा अशी, की हाकुसान पर्वतावर तप करणाऱ्या ताइचो या भिक्षूला दृष्टांत झाला: आवाझुत जमिनीखाली औषधी पाणी आहे. गावकऱ्यांनी खणलं, पाणी लागलं. आजाऱ्यांना तिथं राहता यावं म्हणून ताइचोनं आपला शिष्य गार्यो होशी याला बसवलं. दृष्टांत खरा की खोटा, ज्याचं त्यानं ठरवावं. पाणी गरम आहे, एवढं नक्की.

(दृश्य: घराण्यातली जुनी चित्रं, छायाचित्रं)

तेव्हापासून 46 पिढ्या. घराचा कर्ता झाला, की त्यानं ‘झेंगोरो’ हे नाव घ्यायचं. मुलगा नसला तर जावई दत्तक. तो बायकोच्या घरी राहायला येतो, आडनाव सोडतो, पुढे स्वतःचं नावही. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक गालात हसतात. जपानी व्यापारी घराण्यांत मात्र हा पेढी टिकवण्याचा सरळ, मानाचा मार्ग होता. रक्तापेक्षा घर मोठं.

(दृश्य: प्रवेशद्वार, चपला)

आता या बाईंचे हात पाहा. पाहुणा आत गेला, की त्याचे बूट उचलून टोकं दाराकडे करून ठेवायची, म्हणजे निघताना पाय थेट बुटात. मग बागेसमोर हिरवा चहा, सोबत गोडाचा घास. पाहुणे जेवायला बसले, की तिकडे खोलीत चटईवर गाद्या घातल्या जातात. या सगळ्यावर नजर असते ती ओकामीची, म्हणजे घरच्या मालकिणीची. कोणत्या पाहुण्याला काय चालत नाही, कोणाचे गुडघे दुखतात, हे तिला पाठ. दारावरचं नाव पुरुषाचं चालत आलं, पण अशी घरं चालतात ती हिच्या जिवावर. वंशावळ सांगताना हे कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतोय.

(दृश्य: गल्ली, संध्याकाळ)

जगातलं सर्वांत जुनं हॉटेल हा गिनेसचा मान 2011 साली होशीकडून यामानाशी प्रांतातल्या केइउनकान या हॉटेलकडे गेला; ते 705 सालचं. इथल्या वारसाचं, मुलाचं, अकाली निधन झालं. तेव्हा घराचा भार मुलीकडे आला.