कॉसमॉस 112 उडाला कुठून?

(दृश्य : टेबलावर शाळेतला पृथ्वीगोल. त्याभोवती तिरकं बसवलेलं तारेचं कडं. मागे शॉर्टवेव्हची खरखर.)

मार्च 1966. इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातलं केटरिंग हे बुटांच्या कारखान्यांचं गाव. तिथल्या केटरिंग ग्रामर स्कूलमध्ये जेफ्री पेरी भौतिकशास्त्र शिकवायचे. रसायनशास्त्राचे शिक्षक डेरेक स्लेटर हे हौशी रेडिओवाले. या दोघांच्या हाताखाली वरच्या वर्गातली काही मुलं रशियन उपग्रहांचे आवाज ऐकत होती. ऐकायचं, वेळ टिपायची, वही भरायची आणि मग आकडेमोड करायची, असा त्यांचा उद्योग. सुरुवात झाली ती वर्गात डॉप्लर परिणाम दाखवण्यासाठी. गाडी जवळ येताना शिट्टी चढी ऐकू येते आणि पुढे निघून गेली की उतरते, तोच हा परिणाम. आकाशातून सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने जाणारी शिट्टी मिळाली, तर तो शिकवायला याहून चांगलं साधन कुठलं?

17 मार्चला सोव्हिएत संघाने कॉसमॉस 112 सोडला. तास या सरकारी वृत्तसंस्थेने नेहमीप्रमाणे छोटी बातमी दिली. त्यात तारीख होती, एका फेरीला लागणारा वेळ होता, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उंची होती, आणि कक्षेचा विषुववृत्ताशी असलेला कल होता. उपग्रह काय काम करतो आणि तो कुठून उडाला, हे मात्र बातमीत नव्हतं. तासच्या बातमीत ते कधीच नसायचं.

मुलं अडखळली ती कलाच्या आकड्यापाशी. हा उपग्रह ज्या जातीचा होता, तिचे उपग्रह तोवर 65 किंवा 52 अंशांच्या आसपासच्या कलात फिरायचे. याचा कल 72 अंश निघाला. शिवाय तो केटरिंगवर ज्या वेळांना येत होता, त्या ओळखीच्या तळावरून उडालेल्या उपग्रहाच्या वेळांशी जुळत नव्हत्या.

(दृश्य : नकाशा. बायकोनूर आणि कापुस्तिन यार या दोन ठिकाणी ठिपके.)

जगाला तेव्हा सोव्हिएत संघाचे दोन उड्डाणतळ माहीत होते. एक कझाकस्तानातलं बायकोनूर, अक्षांश सुमारे 46. दुसरं व्होल्गा नदीच्या खालच्या अंगाचं कापुस्तिन यार, अक्षांश सुमारे साडेअठ्ठेचाळीस. आपला आर्यभट्ट 19 एप्रिल 1975 ला याच कापुस्तिन यारवरून गेला आणि त्याच्या कक्षेचा कल 50.7 अंश होता. हा आकडा लक्षात ठेवा. रॉकेट सरळ पूर्वेकडे सोडलं, तर कक्षेचा कल उड्डाणतळाच्या अक्षांशाएवढा येतो. उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे वळवलं, तर तो वाढतो. वाटेत मुद्दाम वळसा घेऊन भरपूर इंधन जाळल्याशिवाय तो अक्षांशाच्या खाली जात नाही. म्हणजे साडेअठ्ठेचाळीस अक्षांशावरून 50.7 अंशांची कक्षा सहज मिळते, 45 ची मिळत नाही.

पण या नियमाने फक्त मर्यादा कळते. 72 अंशांची कक्षा बायकोनूरवरूनही गाठता येते. एवढ्यावर नवा तळ सिद्ध होत नाही. मुलांनी पुढे काय केलं, त्यात या गोष्टीचं खरं मर्म आहे.

आधी ऐकायचं कसं ते पाहू. हे उपग्रह 19.995 मेगाहर्ट्झच्या आसपास बोलायचे. त्यासाठी लागणारा अँटेना म्हणजे सुमारे सात मीटर तांब्याची तार. ती मधोमध कापायची आणि दोन्ही तुकड्यांच्या मधल्या टोकांना रिसीव्हरची केबल जोडायची. अशी तार दोन्ही टोकांच्या दिशेने जवळजवळ बहिरी असते, म्हणून ज्या बाजूचे उपग्रह हवेत त्या बाजूला तिची लांबी आडवी यायला हवी. रिसीव्हरमध्ये बीट ऑसिलेटर चालू करायचा. त्याने रेडिओलहरीचं रूपांतर कानाला ऐकू येणाऱ्या सुरात होतं. हा सूर साधारण हजार हर्ट्झवर लावून ठेवायचा आणि मग डायलला हात लावायचा नाही.

उपग्रह क्षितिजावर उगवतो तेव्हा डॉप्लरमुळे सूर सुमारे पाचशे हर्ट्झने सरकलेला असतो. मावळताना तेवढाच उलट बाजूला. अडीचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह डोक्यावरून गेला, तरी क्षितिज ते क्षितिज जेमतेम आठ मिनिटं मिळतात. त्या आठ मिनिटांत सूर आधी संथपणे, मग झपाट्याने आणि शेवटी पुन्हा संथपणे सरकतो. दर दहा सेकंदांनी सुराची उंची कागदावर मांडली की आडव्या झोपलेल्या एस अक्षरासारखी रेघ उमटते. रेघ सर्वांत तीव्र उतरते तो क्षण म्हणजे उपग्रह आपल्या सर्वांत जवळ असल्याचा क्षण. आणि उतार किती तीव्र आहे त्यावरून अंतर कळतं. तीनशे किलोमीटरवरून गेला, तर सूर सेकंदाला सुमारे साडेतेरा हर्ट्झने सरकतो. हजार किलोमीटरवरून गेला, तर सुमारे चारने. एक कान, एक घड्याळ आणि आलेखाचा कागद, एवढ्यावर दोन आकडे हाती येतात. कधी, आणि किती लांबून.

(दृश्य : आलेखाचा कागद, पेन्सिलीने काढलेली रेघ.)

चुका कुठे होतात? पहिली चूक रिसीव्हरची. व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचा, रिसीव्हर तापेपर्यंत स्वतःच सरकत राहतो, आणि उपग्रहाचा डॉप्लर कुठला आणि रिसीव्हरचा खोडसाळपणा कुठला, ते वेगळं काढता येत नाही. तो निदान तासभर आधी चालू ठेवावा लागतो. दुसरी चूक घड्याळाची. वेळ रेडिओच्या बिनचूक टिकटिकीशी जुळवलेली हवी; मनगटावरच्या घड्याळावर भिस्त ठेवून भागत नाही. तिसरी अडचण आयनांबराची, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराची, आणि ती सर्वांत फसवी. वीस मेगाहर्ट्झच्या लहरी आयनांबरात वाकतात, परावर्तित होतात. त्यामुळे उपग्रह क्षितिजाखाली असतानाही ऐकू येतो. सूर ऐकू यायला लागला म्हणजे उपग्रह उगवला, असं धरलं की हिशोब कोसळतो. म्हणून ऐकू येण्याच्या सुरुवातीवर आणि शेवटावर फारसं विसंबायचं नाही. भरवसा ठेवायचा तो आलेखाच्या मधल्या, सर्वांत उताराच्या भागावर.

आता पृथ्वीगोलाकडे वळू. तारेचं कडं करायचं आणि ते विषुववृत्ताशी 72 अंशांत तिरकं धरायचं. कडं म्हणजे कक्षा. ते जागीच राहतं आणि आतला गोल पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतो, मिनिटाला पाव अंश. नव्वद मिनिटांत एक फेरी धरली, तर दर फेरीला उपग्रहाची जमिनीवरची वाट साडेबावीस अंशांनी पश्चिमेला सरकते. केटरिंगवर उपग्रह कधी आणि किती लांबून गेला ते मोजलेलं आहेच. तिथून एकेक फेरी मागे जायचं, उड्डाणाच्या तारखेपर्यंत.

मागे जाताना गोलावर समांतर अंतराने वाटा उमटत जातात. रॉकेट ज्या तळावरून उडालं तो तळ यातल्या एखाद्या वाटेवर असायलाच हवा, कारण उपग्रह आपल्या पहिल्या वाटेवर तिथूनच चढलेला असतो. तासने कितीही लपवलं तरी हे लपत नाही. कॉसमॉस 112 च्या वाटा बायकोनूरवरून जाईनात. कापुस्तिन यारवरूनही नाही.

बारकाईने हिशोब करताना आणखी एक गोष्ट आड येते, आणि ती विसरणारे पुष्कळ. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. त्यामुळे कडं अगदी स्थिर राहत नाही, तेही हळूहळू पश्चिमेला वळतं. अडीचशे किलोमीटर उंचीच्या, 65 अंशांच्या कक्षेत हे वळण दिवसाला साडेतीन अंशांहून थोडं जास्त असतं. तळ शेवटी जिथे निघाला, त्या 63 अक्षांशावर एक रेखांश म्हणजे जवळजवळ 51 किलोमीटर. एका दिवसाचं वळण विसरलं, तर तळाची जागा पावणेदोनशे किलोमीटरांहून अधिक चुकते. त्यापुढे घड्याळाच्या एका मिनिटाची चूक किरकोळ. तिने जागा तेरा-एक किलोमीटर हलते. फेरीच्या वेळेतली चूक मात्र साचत जाते. दर फेरीला सहा सेकंद चुकले, तर दिवसाच्या सोळा फेऱ्यांत दीड मिनिटाहून जास्त, म्हणजे वीस किलोमीटर. म्हणूनच पहिल्या दिवसाची नोंद आठव्या दिवसाच्या नोंदीपेक्षा मोलाची, आणि म्हणूनच बातमी येताच कोणीतरी रिसीव्हरपाशी बसायला हवं.

एका उपग्रहाने एक जागा मिळत नाही, वाटांचा पट्टा मिळतो. दुसरा कल असलेला दुसरा उपग्रह हवा. एप्रिलमध्ये कॉसमॉस 114 आला, पण त्याचा कल जवळजवळ 73 अंश. म्हणजे वाट पहिल्यासारखीच, जवळपास समांतर. शंका पक्की झाली, जागा मिळाली नाही. मुलांना थांबावं लागलं, 14 ऑक्टोबरपर्यंत. त्या दिवशी कॉसमॉस 129 उडाला आणि त्याचा कल 65 अंश होता. बायकोनूरवरून उडणाऱ्यांचा नेहमीचा आकडा! नुसती बातमी वाचणाऱ्याला त्यात काहीच वेगळं दिसलं नसतं. पण ज्यांनी वेळा टिपल्या होत्या त्यांना त्याच्याही वाटा बायकोनूरला चुकवून जाताना दिसल्या.

(दृश्य : गोलावर दोन रंगांच्या रेषा. त्या एकमेकींना छेदतात. कॅमेरा हळूहळू जवळ.)

72 अंशांची वाट आणि 65 अंशांची वाट जिथे एकमेकींना छेदतात, तो बिंदू रशियाच्या उत्तरेला आला. मॉस्कोच्या उत्तरेला सुमारे 800 किलोमीटरवर, अर्खांगेल्स्क प्रांतातल्या जंगलात, 63 अंश उत्तर आणि 41 अंश पूर्व याच्या आसपास. जवळचं गाव प्लेसेत्स्क.

65 अंशांची कक्षा 63 अक्षांशावर जवळजवळ माथ्याला पोचलेली असते. तिथे ती उत्तरेपासून सुमारे 68 अंश वळून पूर्वेकडे झुकते, आणि 72 अंशांची कक्षा सुमारे 43 अंशांवर असते. दोन रेषांमधला कोन फक्त 25 अंशांचा. इतक्या निमुळत्या कोनात छेद देणाऱ्या रेषांची चूक छेदबिंदूपाशी अडीच पटीने वाढते. म्हणजे प्रत्येक वाट वीस किलोमीटरने चुकली, तर बिंदू पन्नासने हलणार. तरीही आसपास दुसरा उड्डाणतळ ठाऊक नसताना आणि रेल्वेमार्गावरचं एक गाव नकाशावर दिसत असताना पन्नास किलोमीटर पुरेसे होते. नोव्हेंबर 1966 मध्ये पेरींनी हा निष्कर्ष जाहीर केला आणि एका शाळेने सोव्हिएत संघाचा लपवलेला तळ शोधल्याची बातमी जगभर गेली.

अमेरिकेच्या गुप्तचर खात्याला त्या जागेची कुणकुण आधीपासून होती. प्लेसेत्स्कचा तळ 1957 पासून आंतरखंडीय क्षेपणास्त्रांसाठी बांधला जात होता. 1 मे 1960 ला पेशावरहून निघालेलं अमेरिकेचं यू-2 हेरविमान ज्या ठिकाणांची छायाचित्रं घेणार होतं, त्यांत प्लेसेत्स्क होतं. ते विमान स्वेर्दलोव्स्कजवळ पाडलं गेलं आणि वैमानिक गॅरी पॉवर्स पकडला गेला. पण ज्यांना माहीत होतं ते बोलत नव्हते. केटरिंगच्या मुलांकडे विमान नव्हतं, गुप्त कागद नव्हते, आणि त्यांना गप्प बसवणारं कोणी नव्हतं. सर्वांसमोर, कोणालाही तपासून पाहता येईल अशा रीतीने ही जागा शोधणं हे त्यांचं काम, आणि या शोधाचं मोल त्यातच आहे.

सोव्हिएत संघाने प्लेसेत्स्कचं अस्तित्व अधिकृतपणे मान्य केलं ते 1983 मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. कॉसमॉस 112, 114 आणि 129 हे तिन्ही छायाचित्रं काढणारे हेरउपग्रह होते, झेनित जातीचे. आठवडाभर फिरायचे आणि फिल्मसकट कुपी जमिनीवर उतरवायचे.

(दृश्य : आजची शाळा. लॅपटॉप, यूएसबीला जोडलेला छोटा रेडिओ, खिडकीबाहेर तार.)

हाच प्रयोग आज पुणे, नागपूर किंवा मडगावच्या शाळेत करायचा, तर झेनित नाही, पण आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक आहे. त्याचे संकेत 145.800 आणि 145.825 मेगाहर्ट्झवर येतात. यूएसबीला लावायचा सॉफ्टवेअर रेडिओ आणि सुमारे अर्ध्या मीटरची एकेक बाजू असलेला साधा अँटेना पुरतो. वारंवारता सातपट असल्यामुळे डॉप्लरही सातपट, दोन्ही बाजूंना साधारण साडेतीन किलोहर्ट्झ. स्क्रीनवर संकेताची पट्टी एससारखी वळताना डोळ्यांनीच दिसते. इथे आयनांबराची फसवणूकही नसल्यासारखी, कारण या लहरी सहसा सरळ निघून जातात.

145.825 वर संकेत तुटक येतात, सलग सूर मिळत नाही. म्हणून दर संकेताची वेळ आणि वारंवारता वेगवेगळी टिपायची आणि मग ठिपके जोडायचे. स्वस्त रेडिओ गरम होताना सरकतो, तेव्हा वीस मिनिटं आधी चालू ठेवायचा. लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी जुळवून घ्यायचं. एका संध्याकाळी दोन लागोपाठच्या फेऱ्या टिपल्या, तर दोन्हींच्या जवळ येण्याच्या क्षणांत साधारण 96 मिनिटांचं अंतर यायला हवं : फेरीची सुमारे 93 मिनिटं, आणि तेवढ्यात पृथ्वी पूर्वेला फिरल्यामुळे आणखी तीन-चार. ते 90 किंवा 102 आलं, तर चूक बहुधा सर्वांत उताराचा बिंदू निवडण्यात झालेली असते. क्षितिजालगतच्या फेरीत रेघ इतकी सपाट असते की तो बिंदू मिनिटभर इकडे-तिकडे होतो. अशी फेरी सोडून द्यायची आणि आकाशात उंच जाणारी पुढची फेरी धरायची.