लेफकांडीचं टेकाड

ग्रीसच्या युबिया बेटावर समुद्राकाठी लेफकांडी नावाचं गाव आहे. गावाजवळच्या टेकाडाचं नाव टूंबा. टूंबा या शब्दाचा अर्थही टेकाडच! १९८० साली या टेकाडावर बुलडोझर फिरला आणि पोटातल्या एका प्राचीन इमारतीचा मधला बराच भाग कायमचा गेला. उरलेला भाग ब्रिटिश आणि ग्रीक पुरातत्त्वज्ञांनी पुढची काही वर्षं खपून मोकळा केला.

लांबी जवळपास ५० मीटर, रुंदी १४च्या आसपास. दगडी जोतं, त्यावर कच्च्या विटांच्या भिंती, एक टोक अर्धगोल, बाहेरून लाकडी खांबांची रांग. काळ इसवी सनापूर्वी ९५०च्या सुमाराचा.

या तारखेनेच सगळे चक्रावले. इसवी सनापूर्वी १२००च्या आसपास ग्रीसमधल्या मायसिनी, पायलोस इथले राजवाडे पडले, लिहिणं विसरलं गेलं, वस्त्या ओस पडल्या. पुढच्या काही शतकांना अभ्यासकांनी 'अंधारयुग' म्हणून टाकलं होतं. त्या काळात कुणी एवढं मोठं काही बांधलं असेल, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

इमारतीच्या जमिनीत दोन खड्डे निघाले. एकात काशाचा कलश, सायप्रसच्या घडणीचा, काठावर शिकारी आणि जनावरं. पुरला तेव्हाही तो जुनाच होता. आत एका पुरुषाच्या अस्थी आणि चक्क कापड! सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं विणकाम. होमरच्या इलियडमध्ये ट्रॉयचा योद्धा हेक्टर याच्या अस्थीही अशाच कापडात गुंडाळून ठेवतात, पण ते काव्य रचलं गेलं यानंतर दोनेक शतकांनी.

कलशाशेजारी एक स्त्री. तिला जाळलेलं नाही, पुरलंय. छातीवर सोन्याच्या चकत्या, गळ्यात पूर्वेकडून आलेला, तिच्याहून कितीतरी शतकं जुना दागिना. आणि डोक्याजवळ हस्तिदंती मुठीची लोखंडी सुरी. तिला मारून नवऱ्यासोबत पुरलं का? आपल्याला लगेच सती आठवते. पण ती त्याची बायको होती, हेही आपणच धरून चाललोय. सुरी तिच्यावर चालली, असा पुरावा नाही.

दुसऱ्या खड्ड्यात चार घोडे. दोघांच्या तोंडात लगामाची लोखंडी कडी तशीच.

मग इमारत दगडमातीने बुजवून वर हे टेकाड रचलं गेलं. ती इमारत आधी कुणाचं घर होती की पहिल्यापासून समाधीच, यावर अजून वाद आहे. पूर्वेच्या बाजूला मात्र पुढची शंभरेक वर्षं लोक आपली माणसं पुरत राहिले.

त्यातल्याच एका थडग्यात भाजक्या मातीच्या नराश्वाचं, म्हणजे अर्ध्या माणसाचं-अर्ध्या घोड्याचं, नुसतं डोकं सापडलं. धड निघालं दुसऱ्या थडग्यात. दोन्ही जोडल्यावर उंची भरली ३६ सेंटीमीटर. उजव्या हाताला बोटं सहा. आणि पुढच्या एका पायाच्या गुडघ्यावर मुद्दाम पाडलेली खाच, माती ओली असतानाच.

ग्रीक कथांमध्ये शहाणा नराश्व कायरॉन वीर हेराक्लीसच्या बाणाने जखमी होतो. बाण लागतो गुडघ्यात.