पहार मारण्याआधी

(दृश्य : ऑक्टोबरची सकाळ. पाथर्डी फाट्याजवळच्या एका कॉलनीतला रस्ता. दूधवाल्याची मोटारसायकल वळणं घेत येते.)

पाऊस उघडला की नाशिकच्या कॉलन्यांमध्ये दोन विषय निघतात. दिवाळीचा फराळ आणि रस्ता. फराळावर एकमत होतं. रस्त्यावर नाही. एक गट म्हणतो, वरून दोन इंच डांबर टाका, निदान दिवाळीत तरी काळंभोर दिसेल. दुसरा म्हणतो, सगळा उखडा, काय तो खर्च एकदाच होऊ दे. सिंहस्थ दर 12 वर्षांनी येतो तेव्हा शहरातले मोठे रस्ते आपोआप चकाचक होतात. ही गल्ली मात्र शाही मार्गावर नाही. इथे वर्गणीच काढावी लागते.

(दृश्य : कॅमेरा जमिनीलगत. भेगेत एक रुपयाचं नाणं.)

ही पहिली भेग. रस्त्याच्या मधोमध, लांबच लांब, सुतासारखी सरळ. डांबराचे दोन पट्टे शेजारीशेजारी अंथरले, त्यांचा हा सांधा. नाणं आत जातं, पण दोन्ही कडा एका पातळीत आहेत. बोट फिरवलं तर ठेच लागत नाही. उन्हानं, हवेनं डांबर म्हातारं होतं, कडक होतं. मग नाशिकची थंडी पडली की आकसतं आणि तडकतं. दुखणं वरचं आहे. कॉम्प्रेसरच्या हवेनं भेग साफ करायची, कोरडी करायची आणि गरम रबरी डांबर ओतून बुजवायची. एका दिवसाचं काम. ते मात्र पुढच्या पावसाच्या आत व्हायला हवं.

(दृश्य : गेटजवळ. पाण्याचा टँकर वळतो. चाकाखाली रस्ता किंचित दबतो, पुन्हा वर येतो.)

इथलं प्रकरण वेगळं. मगरीच्या पाठीसारखी जाळी, तळहाताएवढे तुकडे. पाय ठेवला की तुकडा डुगडुगतो. भेगांच्या कडेला पिवळट मातीचे डाग वाळलेत. टँकर गेला की खालचं पाणी दाबानं वर येतं आणि येताना बारीक माती घेऊन येतं. म्हणजे पाया धुपतोय.

मुकादम पहारीचं टोक घालतो. तुकडा खापरीसारखा सुटून येतो. खाली ओली, चिखलात रुतलेली खडी आणि त्याखाली काळी माती. परवापरवापर्यंत इथे शेती होती. पाणी मिळालं की ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पिकाला चालतं, रस्त्याला नाही.

आणि वरून टँकर. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेत, इलिनॉय राज्यात, मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून ट्रक फिरवले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की चाकावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण 16 पट होते. स्कूटरवाल्यांना उगाच बोल लावू नये.

(दृश्य : एका जुन्या बंगल्याचा ओटा. तीन पायऱ्यांपैकी एकच वर दिसते.)

गेटपाशी नुसता थर दिला तर खालची भेग त्यातूनही वर येते, एखाद-दोन पावसाळ्यांतच. शिवाय दर थराला रस्ता उंच होतो. या ओट्याला तीन पायऱ्या होत्या. आता जोराचा पाऊस आला की पाणी थेट अंगणात.

नुसता थर द्यायचा की खणायचं, हा निवाडा मोठ्या रस्त्यांवर यंत्रानं होतो. मागच्या आसावर 8,170 किलो भार असलेला ट्रक उभा करतात आणि तो पुढे सरकला की दबलेला रस्ता किती उसळी घेतो, हे बेंकलमन बीम नावाच्या लांब दांड्यानं मोजतात. कॉलनीत ते कोण आणणार? इथे पहार, नाणं आणि नजर. जाळी चौथाईहून जास्त भागात पसरली असेल तर ठिगळांच्या नादी लागू नये, असं काम करणारे सांगतात. इथे ती गेटपासून वीस पावलांत संपते. तेवढाच चौकोन खणायचा, ओली माती काढायची, मुरूम आणि खडी थराथरानं दाबायची, मग डांबर. बाकीच्या रस्त्याला फक्त भेगा भरणं. गरम डांबरी मालाचा डंपर द्वारका चौकाच्या कोंडीत अडकला नाही म्हणजे मिळवली. माल फार गार झाला की रोलरनं कितीही दाबा, नीट बसत नाही.

(दृश्य : मुकादम त्या जाळीवर बादलीभर पाणी ओततो.)

पाणी गटाराकडे वाहत नाही. जागेवरच मुरतं. मुकादम मान वर करतो. समोरच्या इमारतीच्या गच्चीचा पाइप बरोबर इथेच सोडलाय.

(दृश्य : पाइपच्या तोंडाशी शेवाळ. मागे कमिटीच्या बैठकीचा आवाज.)

रस्त्याचं ठरलं. पाइप कुणाच्या खर्चानं वळवायचा, यावर मात्र बैठक अजून चालू आहे.